ब्रेक लागला, ब्रेक घेतला, ब्रेक झाला

प्रश्न : माझा मुलगा सेमी इंग्रजीच्या शाळेत सातवीला आहे. त्याच्या वहीत 'ब्रेक – मोडणे, तोडणे' असं लिहिलेलं होतं. पाठ करता करता त्यानं विचारलं, "मम्मी, पप्पांचा ब्रेक झाला म्हणजे पप्पांचं काय मोडलं?" मला काही सांगता आलं नाही. त्याच्या वडिलांना कंपनीत सात महिने झाले की ब्रेक देतात. काही दिवसांनी परत बोलावतात, नाही बोलावलं तर दुसरी कंपनी बघावी लागते. गाडीचा ब्रेक, चहाचा ब्रेक, टीव्हीवरचा ब्रेक आणि हा ब्रेक, हा सगळा एकच शब्द आहे का? शिवाय अर्जात 'ब्रेक इन सर्व्हिस' असा रकाना असतो, तिथे नेमकं काय भरायचं? – एक वाचक, बजाजनगर

उत्तर : ताई, आधी सरळ उत्तर देतो. गाडीचा ब्रेक हा वेगळा शब्द आहे. बाकीचे तिन्ही एकाच शब्दाचे अर्थ आहेत. आणि मुलाला सांगा, पप्पांचं मोडलं ते नोकरीचं सलगपण. त्याचा प्रश्न फार नेमका आहे. वहीतला अर्थ आणि घरात ऐकलेला अर्थ त्यानं शेजारी ठेवून पाहिले, म्हणून तो त्याला सुचला. मीही त्याच वाटेनं जातो.

गाडीचा ब्रेक इंग्रजीत बी-आर-ए-के-ई असा लिहितात. मोडण्याचा ब्रेक बी-आर-ई-ए-के. उच्चार अगदी एक, म्हणून देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात. परीक्षेत मुलांचे गुण इथेच जातात. पण हा गोंधळ मुलांचाच आहे असं नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये रेल्वे आली, तेव्हा गाडी थांबवण्याच्या यंत्रालाही तिथले लोक कैक वेळा बी-आर-ई-ए-के असंच लिहीत. गार्डाच्या डब्याला आपण अजून 'ब्रेक व्हॅन' म्हणतो, त्या नावाचं स्पेलिंगही त्या काळात दोन्ही तऱ्हांनी सापडतं. थांबवण्याचा ब्रेक आला कुठून, यावर कोशकारांचं एकमत नाही. जवस किंवा ताग कुटून धागा सुटा करायच्या अवजाराला युरोपात याच धर्तीचं नाव होतं आणि त्या नावाचं मूळ मोडण्याच्या क्रियापदाशी जाऊन भिडतं, असं एक मत आहे. तसं असेल तर हे दोन शब्द लांबचे भाऊबंद ठरतात.

हा पहिला ब्रेक तुमच्या गावाच्या पोटापाण्याचा आहे. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना नोव्हेंबर 1985 मध्ये सुरू झाला, उद्घाटन तेव्हाचे राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांनी केलं. पुढे कारखान्याच्या आसपास जी वस्ती वाढली तिनं कंपनीचंच नाव घेतलं. दुचाकीचे ब्रेक बनवणाऱ्या एंड्युरन्स टेक्नॉलॉजीजचं मुख्यालयही वाळूज औद्योगिक वसाहतीतच आहे. म्हणून ब्रेक शू, लायनर, डिस्क, कॅलिपर, ब्रेक ऑईल हे शब्द तुमच्याकडे कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत. 1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या दुचाकीला एबीएस आणि त्याखालच्या दुचाकीला निदान सीबीएस सक्तीचं झालं. एबीएसमध्ये चाक पूर्ण जाम होऊ न देता वेग कमी केला जातो, सीबीएसमध्ये एक ब्रेक दाबला की पुढचं आणि मागचं अशी दोन्ही चाकं धरली जातात. तेव्हा ए-के-ई वाला ब्रेक मुलाला शिकवायचा तर पुस्तक उघडायचीसुद्धा गरज नाही, दारातली गाडी दाखवा.

आता दुसरा, मोडण्याचा. हा जुन्या इंग्रजीतल्या 'ब्रेकन' या क्रियापदापासून चालत आलेला आहे, हजार वर्षांहून जुना. त्याची रूपं ब्रेक, ब्रोक, ब्रोकन. ही तीन पाठच करावी लागतात, नियमानं होत नाहीत. इंग्रजीत हा एकटा शब्द जेवढी कामं करतो, तेवढ्यासाठी मराठीत चार-पाच क्रियापदं लागतात. काठी मोडते, दोरी तुटते, काच फुटते, भाकरीचा तुकडा आपण मोडतो, कामात खंड पडतो. इंग्रजी या पाचही ठिकाणी 'ब्रेक' म्हणून मोकळी होते. 'तुटते' आणि 'फुटते' यांतला फरक आपल्याकडे अडाणी माणूसही चुकवत नाही. म्हणून वहीत 'मोडणे, तोडणे' एवढंच लिहून भागत नाही. मुलाला वाक्यं द्यावीत, त्यातून त्याला कळेल की वस्तू कोणती आहे त्यावर मराठी क्रियापद ठरतं.

काही ठिकाणी दोन्ही भाषा आपापल्या वाटेनं एकाच जागी पोचलेल्या दिसतात. इंग्रजीत शंभराची नोट 'ब्रेक' करतात, आपणही नोट मोडतो आणि सुट्या पैशांना मोड म्हणतो. विक्रम मोडतो, शब्द मोडतो, लग्न मोडतं, इथेही जुळतं. पण उपासाच्या बाबतीत वाटा वेगळ्या होतात आणि ते मला फार आवडतं. एकादशीचा उपास दुसऱ्या दिवशी पारणं करून सोडला तर आपण 'उपास सोडला' म्हणतो. दुपारीच चुकून चिवडा तोंडात टाकला तर 'उपास मोडला'. एकात नियम पाळला, दुसऱ्यात नियम गेला. इंग्रजीत दोन्ही ठिकाणी 'ब्रेक'च येतो. पंढरपूर तुमच्या शेजारी आहे, वाळूज महामार्गावरचं ते छोटं पंढरपूर, जिथे आषाढीला दर्शनाला रीघ लागते. तिथल्या रांगेतल्या कुणालाही विचारा, सोडणं आणि मोडणं एकच का म्हणून.

आणखी एक उदाहरण पगाराच्या चिठ्ठीतलं. एचआरवाले म्हणतात, सॅलरीचा ब्रेकअप देतो. नवीन मुलं हसतात, कारण त्यांना ब्रेकअप म्हणजे प्रेम तुटणं एवढंच माहीत असतं. पण इथे त्याचा अर्थ मूळ वेतन किती, महागाई भत्ता किती, घरभाडं किती, पीएफ किती कापला, याची फोड. 'फोड' हा आपल्याकडचा नेमका शब्द आहे. संधीची फोड आपण शाळेत शिकलो, खर्चाची फोड लग्नघरात करतो. पगाराची फोड म्हणायला काहीच हरकत नाही. मेंटेनन्सवाल्यांचं 'ब्रेकडाऊन' त्याच कुळातलं, पण त्याला मराठीत 'मशीन बंद पडलं' याहून चांगलं काही सुचवावं असं मला वाटत नाही.

चहाच्या ब्रेकचा अर्थ कामाच्या सलग वेळेला मध्येच पाडलेली फट. टीव्हीवरचा ब्रेकही तोच, कार्यक्रम तोडून मध्ये जाहिराती घातलेल्या. गंमत अशी की कायद्याच्या भाषेत चहाच्या किंवा जेवणाच्या सुटीला 'ब्रेक' म्हटलेलं नाही. 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 55 मध्ये तिला 'विश्रांतीसाठी मध्यंतर' या अर्थाचं नाव होतं. सलग पाच तासांहून जास्त काम घ्यायचं नाही, मध्ये निदान अर्ध्या तासाची विश्रांती द्यायची, असं त्या कलमानं ठरवून दिलं. तिथे विश्रांती हा शब्द आहे, कारण ती माणसाला लागते म्हणून दिली आहे.

आता तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याकडे येतो.

मराठीनं 'ब्रेक' घेतला तो नाम म्हणून. क्रियापद आपलंच ठेवलं. 'मी ब्रेकलो' असं कोणी म्हणत नाही. ब्रेक मारतात, ब्रेक लागतो, ब्रेक घेतात, ब्रेक मिळतो, ब्रेक देतात, ब्रेक होतो. अर्थ ओळखायचा तो या क्रियापदावरून. 'मारला' आणि 'लागला' म्हटलं की गाडीचा ब्रेक. 'रस्त्याच्या कामाला ब्रेक लागला' हेसुद्धा त्याच गाडीवरून आलेलं. 'घेतला' म्हटलं की माणसानं स्वतःहून थोडी उसंत घेतली. 'मिळाला' म्हटलं की नट, गायक, खेळाडू यांना पहिली मोठी संधी मिळाली. हा शेवटचा अर्थ अमेरिकेकडचा आहे आणि सिनेमाच्या बातम्यांतून तो आपल्याकडे रुळला. आणि 'दिला'? दिग्दर्शकानं नव्या मुलीला ब्रेक दिला म्हणजे तिला काम दिलं. ठेकेदारानं पोराला ब्रेक दिला म्हणजे त्याचं काम काढून घेतलं. शब्द तोच, क्रियापद तेच, आणि एकाची चूल पेटते तर दुसऱ्याची विझते.

तुम्ही लिहिलेलं 'ब्रेक झाला' हे रूप मला सगळ्यांत जास्त खटकतं. पाऊस झाला, उशीर झाला, तसा ब्रेक झाला. करणारा कोण ते वाक्यातून गायबच. बजाजनगरच्या मोहटादेवी चौकात किंवा महाराणा प्रताप चौकात सकाळी विजेच्या खांबांवरच्या, पानटपरीच्या पत्र्यावरच्या चिठ्ठ्या वाचाव्यात : हेल्पर पाहिजेत, आयटीआय फ्रेशर, कॅन्टीन आणि बस सुविधा, खाली मोबाइल नंबर. त्या वाचणाऱ्या पोरांत 'कुठं होतास?' 'अमुक कंपनीत.' 'मग?' 'ब्रेक झाला,' एवढ्यावर बोलणं संपतं. जालना, बीड, परभणी, बुलढाण्याकडून आलेली ही मुलं वडगाव कोल्हाटीत, रांजणगाव शेणपुंजीत, जोगेश्वरीत चार-चार जणांत एक खोली घेऊन राहतात. ब्रेक झाला तरी खोलीचं भाडं चालूच राहतं. विश्रांतीच्या शब्दानं त्या दिवसांना हाक मारणं मला पटत नाही. 'काम सुटलं' असंही नाही, कारण काम त्यानं सोडलेलं नाही. 'कामावरून कमी केलं' हा आपला जुना, खरा शब्दप्रयोग आहे. त्यात कुणीतरी केलं हे निदान ऐकू येतं.

मग सात महिनेच का? याचं उत्तर 240 या आकड्यात आहे. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम 25-ब मध्ये सांगितलं होतं की मागच्या बारा महिन्यांत ज्यानं प्रत्यक्ष 240 दिवस काम केलं त्याची एक वर्षाची अखंड सेवा धरायची. तेवढी सेवा झाली की त्याला सहजासहजी काढता येत नाही. कामगारकपात करायची तर महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचं सरासरी वेतन द्यावं लागतं. महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांत तर तात्पुरत्या कामगाराची 240 दिवसांची सलग सेवा हा कायम होण्याचाच निकष होता. आता हिशेब करा. सात महिन्यांचे सगळे दिवस, रविवार-सणवार धरूनही, 215 च्या वर जात नाहीत. आठव्या महिन्यात गाडी 240 जवळ पोचते. सर्वोच्च न्यायालयानं 1985 मध्ये अमेरिकन एक्स्प्रेस बँकेच्या कामगारांच्या प्रकरणात सांगितलं, की पगारी रविवार आणि पगारी सुट्याही या 240 दिवसांत मोजायच्या. त्यामुळे आठव्या महिन्याची धास्ती आणखी वाढली.

इथे एक गोष्ट मी ठळकपणे सांगू इच्छितो, कारण ती चौकात कोणी सांगत नाही. कायदा मागचे बारा महिने बघतो आणि त्यातले कामाचे दिवस मोजतो. मध्ये आठ-पंधरा दिवस घरी बसवलं म्हणून मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते, असं त्या कलमात कुठेच नाही. त्याच मालकाकडे सात महिने, मग पंधरवड्याचा ब्रेक, मग पुन्हा तीन महिने काम झालं, तर बारा महिन्यांच्या आतच 240 भरू शकतात. म्हणून तर पुष्कळदा परत घेताना ठेकेदाराचं नाव बदललेलं असतं. म्हणजे ज्याला आपण ब्रेक म्हणतो तो कायद्याच्या डोळ्यांना दरवेळी ब्रेक दिसेलच असं नाही. दुसरी बाजूही सांगायला हवी. 1984 मध्ये त्याच कायद्यात भर घातली गेली, की ठरलेल्या मुदतीचा करार संपला आणि तो पुढे वाढवला नाही, तर ती कामगारकपात धरायची नाही. करार खरोखर मुदतीचा होता की नुसता आडोसा होता, हे मग न्यायालयात ठरतं. महाराष्ट्राच्या 1971 च्या अनुचित कामगार प्रथा कायद्यात तर चौथ्या अनुसूचीत ही गोष्ट स्पष्टच लिहिली आहे : माणसांना वर्षानुवर्षं बदली, नैमित्तिक किंवा तात्पुरते ठेवायचं आणि कायम कामगाराचे हक्क त्यांना मिळू द्यायचे नाहीत, या हेतूनं केलेलं असेल तर ती अनुचित प्रथा.

त्या यादीतला 'बदली' हा शब्द पाहिलात? इंग्रजी कायद्यात तो तसाच आहे, बी-ए-डी-एल-आय. मुंबईच्या गिरण्यांत कायम कामगार आला नाही की त्याच्या जागी उभा राहणारा तो बदली. सकाळी गिरणीच्या फाटकाशी थांबायचं, नाव पुकारलं तर आत, नाही तर घरी. इंग्रजीला त्या माणसासाठी स्वतःचा शब्द सापडला नाही, म्हणून तिनं आपला उचलला आणि 1947 च्या कायद्यात त्याची व्याख्या दिली. आपण तिच्याकडून 'ब्रेक' घेतला, तिनं आपल्याकडून 'बदली'. दोन्ही शब्द कच्च्या नोकरीचेच.

नवीन परिस्थितीही सांगून ठेवतो. 21 नोव्हेंबर 2025 पासून 1947 च्या जुन्या कायद्याची जागा 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेनं घेतली आहे. 240 दिवसांचं माप तिच्यातही आहे. ठरावीक मुदतीच्या करारावर घेतलेल्या कामगाराला तेच काम करणाऱ्या कायम कामगारापेक्षा कमी वेतन देता येणार नाही आणि एक वर्ष भरलं तरी त्याला ग्रॅच्युइटी मिळेल, अशी त्यात तरतूद आहे. मात्र ते एक वर्षसुद्धा भरू दिलं तर. सात महिन्यांच्या रिवाजाकडे म्हणून लक्ष ठेवायला हवं.

शेवटी रकान्याबद्दल. 'ब्रेक इन सर्व्हिस' याला सरकारी मराठीत 'सेवाखंड' म्हणतात. शिक्षक आणि डॉक्टर यांच्या कंत्राटी नेमणुकांत एक-दोन दिवसांचा पाडतात तो 'तांत्रिक खंड'. इथे खंड म्हणजे दोन नोकऱ्यांमधलं अंतर. त्या रकान्यात 'सात महिने' असं लिहू नका, तो कामाचा काळ झाला. जितके दिवस काम नव्हतं त्याची पासून-पर्यंत तारीख लिहायची आणि कारण विचारलं असेल तर 'कंत्राटाची मुदत संपली' असं साध्या शब्दांत. खंड लपवू नये, कारण तो पीएफच्या पासबुकात दिसतोच. 2014 पासून प्रत्येक सभासदाला यूएएन क्रमांक मिळतो, कंपनी बदलली तरी तो बदलत नाही. कोणत्या महिन्यात कोणत्या आस्थापनेनं पैसे भरले हे त्यात महिनावार येतं. याच पासबुकाचा दुसरा उपयोग मोठा आहे. 240 दिवस भरले हे आधी कामगारानं दाखवायचं असतं, असं सर्वोच्च न्यायालयानं 2002 च्या एका निकालात म्हटलं आहे. तोंडी सांगून भागत नाही. म्हणून नेमणुकीचं पत्र, पगाराच्या चिठ्ठ्या, गेटपास, ईएसआयचा क्रमांक, पीएफचं पासबुक हे सगळं एका पिशवीत घालून कपाटात ठेवा. ब्रेक झाला की पुष्कळ मुलं गेटपास देऊन टाकतात आणि चिठ्ठ्या फेकून देतात, तसं होऊ देऊ नका. गेटपास परत मागितला तर आधी मोबाइलवर त्याचा फोटो काढून घ्या.

प्रश्न : मी कायम रात्रपाळी करतो. सकाळी घरी येऊन पोटभर जेवतो आणि झोपतो. बायको म्हणते हा ब्रेकफास्ट, मी म्हणतो डिनर. बरोबर कोण? – एक वाचक, रांजणगाव शेणपुंजी

उत्तर : आजच्या वापराप्रमाणे झोपून उठल्यावरचं पहिलं खाणं तो ब्रेकफास्ट, मग ते संध्याकाळी पाच वाजता का असेना. 'फास्ट' म्हणजे उपास. झोपेतला उपास जे सोडवतं ते ब्रेकफास्ट. या शब्दात 'ब्रेक'चा उच्चार आखूड होतो, चहाच्या ब्रेकसारखा लांबवायचा नाही. झोपायच्या आधीचं मुख्य जेवण ते डिनर, तेव्हा या घडीला तुमचं म्हणणं बरोबर. पण वहिनींच्या बाजूनंही एक पुरावा आहे. डिनर हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याच्या मागे जो लॅटिन शब्द आहे त्याचा अर्थ 'उपास सोडणे' असाच होता. म्हणजे मुळात डिनर हाच ब्रेकफास्ट. पुढे त्याची वेळ सकाळवरून दुपारी आणि दुपारवरून रात्री सरकत गेली.